कॅमेऱ्याच्या काचेवरचं कुंकू

हसू नका रे, मला अजून नानांच्या नजरेला नजर देववत नाही. आमच्या जळगावच्या कारखान्यात मशीन सिरॅमिकचे भाग थरावर थर देत छापतं आणि वरचा कॅमेरा प्रत्येक थरातली खोट शोधतो. दसऱ्यानंतर तो प्रत्येक थरात, त्याच जागी खोट दाखवायला लागला. पावडर पुरवणाऱ्या अमळनेरच्या नानांना मी फोनवर झापलं, "भेसळ करता?" बिचारे नवी गोणी घेऊन एसटीनं आले. मी तोऱ्यात म्हटलं, "कॅमेरा खोटं बोलत नाही, बघा!" आणि दाखवायला वाकलो, तर काचेवर मीच पूजेत लावलेलं कुंकू! नानांनी रुमालानं ते हळूच पुसलं आणि विचारलं, "आते तरी पावडर बरी शे ना, भाऊ?"