ज्वालामुखीची वाफ आणि आईची शाल

अरे, हवाईला जाऊन बीचवर तर कोणीही लोळतं यार! आम्ही अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावाहून आईला घेऊन गेलो ते ज्वालामुखीच्या बेटावर, जमिनीच्या भेगांतून वाफ निघते ते बघायला. आईचं नाक दोन दिवस चोंदलेलं, ती गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. पण वाफ दिसली मात्र, बाई ताडकन उतरल्या, डोक्यावरून शाल घेतली आणि कठड्यावरून वाकून जोरजोरात श्वास सुरू!

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. नाक मोकळं होतंय."

पाच मिनिटांनी बघतो तर काय, शेजारी चार अमेरिकन बायका डोक्यावर टॉवेल घेऊन ओळीने वाकलेल्या!

शालीतून डोकं बाहेर काढत आई म्हणाली, "त्यांना सांग रे, वाफ घेतल्यावर लगेच वाऱ्यात फिरायचं नाही!"