रेगेन्सबर्गच्या धक्क्यावरची हाक

मी कुणाला घाबरत नाही म्हणता ना? एकदा घाबरले होते.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. आमचे हे कंपनीतर्फे जर्मनीत शिकायला होते, तेव्हा डॅन्यूबवरच्या बोटीने आम्ही रेगेन्सबर्ग बघायला गेलो. परतीची बोट सुटायची वेळ झाली तरी यांचा पत्ता नाही! "जुन्या पुलाच्या कमानी मोजून येतो," म्हणून गेलेले. पासपोर्ट, तिकिटं, सगळं यांच्याच खिशात.

कप्तान भोंगा घेऊन आला. "मॅडम, मिस्टरांचं नाव सांगा, पुकारतो."

शाळा चौथीत सुटली तरी इंग्रजी मी घरी पेपर वाचून शिकले होते, त्यामुळे प्रश्न कळला. पण नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, आणि ऐनवेळी तिथे उखाणा कुठून आणू? तिकडे खलाशी दोर सोडायला लागला.

म्हटलं, "नाव राहू दे, भोंगा इकडे दे."

आणि ओरडले, "अहो! असाल तिथून निघा! बोट चालली!"

अख्खा धक्का वळून बघायला लागला. पुलावरून हे टोपी धरून धावत सुटले. बोटीत पाय टाकताच म्हणाले, "अगं, शोभतं का हे? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मराठी येत नाही. बसा."

मग उतरेपर्यंत मी त्यांच्या कोटाची बाही सोडली नाही. त्यांना वाटलं, मी रागात आहे. मीही वाटू दिलं.