फुंकायचं नाही, ओढायचं!

...आणि वर मलाच विचारते, "आजोबा, श्वास कसा घ्यायचा माहितीये का तुम्हाला?" आता मला सांगा, एकोणसत्तर वर्षं मी काय उसन्या श्वासावर काढली? अहो, जन्माला आल्या आल्या कुणी न शिकवता जी एकच गोष्ट जमली ती ही, बाकीचं सगळं मार खाऊन शिकलो! आणि विचारतंय कोण, तर माझ्या लेकीपेक्षा लहान अशी ती सिस्टर, हातात पॅड, पॅडवर कागद, कागदावर चौकोन, आणि त्या चौकोनांत टकाटक फुल्या मारतेय! अहो बाई, सोनार आहे मी! चाळीस वर्षं फुंकणी फुंकलीय! श्वास मला शिकवता?

नाही, तुम्हाला सांगतो, फुंकणी म्हणजे काय ते ज्यानं फुंकलीय त्यालाच कळतं. पुढे दिवा, त्याच्या ज्योतीवर वाकडी नळी धरायची आणि अशी फुंकर घालायची, बारीक, एकसारखी, की ज्योत सुईसारखी लांब होऊन नेमकी साखळीच्या कडीवर बसली पाहिजे. जोरात फुंकलं, कडी वितळली! हळू फुंकलं, जोडच बसत नाही! चाळीस वर्षांत एक कडी वितळू दिली नाही मी... बरं, एक. ती माझ्या सासूबाईंची होती, तो विषय नको. सांगायचा मुद्दा, दिवसभर त्या धुरात बसून बसून छातीच्या नळ्या गेल्या आखडून. दोन पायऱ्या चढलो की छातीत कुणी दार लावून घेतल्यासारखं व्हायचं. थांबा हं... जरा दम खातो... हां.

तर दोन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी इन्हेलर दिला. बोटाएवढं प्लास्टिकचं यंत्र हो! त्यात औषधाची कॅप्सूल टाकायची, यंत्र पिळायचं, आत कॅप्सूल फुटते, पूड मोकळी होते, मग तोंडाला लावायचं. डॉक्टर म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ घ्या. कळलं?" मी म्हटलं, "कळलं." झालं शिक्षण! बाहेर तीस माणसं खोकत बसलेली, आत डॉक्टरांचा फोन वाजतोय, आणि मी काय म्हणणार, नाही कळलं, पुन्हा सांगा? अहो, तोंडाला नळी लावायची, एवढंच ना? चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?

घरी आलो. ही म्हणाली, "अहो, डबीत कागद आहे, वाचा तरी." म्हटलं, सोनारानं सांगितलं तर लोक कान टोचून घेतात आणि मी कागद वाचू? पण वाचला. अक्षरं इतकी बारीक की डोळ्याला कामाचं भिंग लावलं. खाली चित्र होतं. माणसाचं तोंड, तोंडात यंत्र, आणि बाण. बाण कुठे? तर आत! छातीकडे! मी पुन्हा भिंग लावून बघितलं. बाण आतच. म्हटलं, छापणाऱ्यानं उलटा छापलाय! हल्ली कामात लक्ष कुणाचं असतं?

आणि मग रोज सकाळी, रोज संध्याकाळी, पलंगावर बसून, पाठ ताठ, गाल भरून... फूऽऽऽ! अहाहा! उन्हाच्या तिरिपेत पांढरी पूड कशी सुंदर उडायची! मी हिला म्हणायचो, "बघ, छातीतला कचरा कसा बाहेर पडतोय." ही शेजारी बसून कौतुकानं बघायची. तिलाही जुना खोकला. आणि तुम्हाला खाजगीतलं सांगतो, कुणाला सांगू नका, तीन-चार महिन्यांनी ही एकदा माझ्याजवळ सरकून म्हणते, "अहो, हल्ली तुमच्या शेजारी बसलं ना, की कसं मोकळं मोकळं वाटतं." लग्नाला एकोणचाळीस वर्षं झालेली! एकोणचाळीस वर्षांत 'पंखा बंद करा' आणि 'पिशवी घ्या' यापलीकडे गोड शब्द ऐकला नव्हता! मी तर बाई लाजलोच. दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून फुंकलं.

पण माझा दम? दम तसाच! उलट जास्त! आणि दुखणं कुठे होतं सांगू? लेकीच्या घरी. लेक राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मजल्याला सतरा, म्हणजे अडुसष्ट पायऱ्या. मोजायला वेळ पुष्कळ मिळाला मला! चौतीस पायऱ्या झाल्या, दुसरा मजला आला, की मी संपलो. घाम, शिट्टी वाजल्यासारखा आवाज, डोळ्यांपुढे काजवे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बिचाऱ्या भल्या, त्यांनी जिन्याच्या वळणावर एक खुर्चीच टाकून ठेवली माझ्यासाठी. मग काय, लेक वरून चहा घेऊन खाली यायची, जावई पेपर घेऊन यायचे, नात तिची बाहुली, भातुकली, सगळा संसार घेऊन यायची, आणि आम्ही जिन्यात बसून गप्पा मारायचो. येणारे-जाणारे म्हणायचे, "जरा पाय घ्या हो." दोन वर्षं! दोन वर्षं झाली लेकीनं घर घेऊन, आणि मी तिचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. ती सांगायची, बाबा, खिडकीतून झाडं दिसतात. मी म्हणायचो, वा! आणि जिन्याच्या भिंतीकडे बघायचो. वाईट वाटायचं हो. आपलीच लेक, आणि तिच्या घरी आपण निम्मेच पोचायचं!

त्यात नातीचा तिसरा वाढदिवस आला दोन महिन्यांवर. जावई सज्जन माणूस, पण हुशारी जास्त. म्हणाले, "बाबा, यंदा तुम्ही वर येणार! मी दोन माणसं ठरवलीत. खुर्चीत बसायचं, ते उचलून नेतील. आमचं कपाट त्यांनीच चढवलं होतं, एक ओरखडा नाही!" ओरखडा नाही! अहो, मी कपाट आहे? नातीच्या वाढदिवसाला आजोबा हमालांच्या खांद्यावरून येणार, आणि वरून कुणीतरी ओरडणार, "सांभाळून, कोपरा लागेल!" मी म्हटलं, मेलो तरी चालेल, पण येईन तर माझ्या पायांनी.

म्हणून गेलो छातीच्या डॉक्टरांकडे. म्हटलं, याहून कडक औषध द्या. ते म्हणाले, "कडक नंतर बघू. आधी हे कसं घेता ते सिस्टरना दाखवा." चला, हिला घेऊन गेलो सिस्टरच्या खोलीत. आणि तिथे, काय सांगू तुम्हाला, बाकावर एक-एक नमुने बसलेले!

पहिले रिटायर हेडमास्तर. त्यांचा फवाऱ्याचा पंप. म्हणाले, "नीट लक्ष द्या सगळ्यांनी." तोंडाचा आ केला, पंप दाबला, फुस्स, आणि आ करून बसले! श्वास घ्यायचा पत्ताच नाही! फवारा जसा गेला तसा तोंडातून सावकाश बाहेर. सिस्टरनं मारली फुली. दुसरा बसचा ड्रायव्हर. तो पंप असा दाबतो जसं पुढे म्हैस आडवी आलीय, पॅक पॅक पॅक पॅक! फुली! तिसऱ्या एक जाडशा मावशी, त्यांनी टोपणच काढलं नाही. वर म्हणतात, "टोपण काढलं की धूळ जाते ना आत." दीड वर्ष टोपणावर दाबत होत्या बाई! फुली! चौथा शिंपी. त्यानं शर्टाची दोन बटणं काढली आणि फवारा मारला छातीवर, मग इकडे मानेखाली, तिकडे मानेखाली. "छातीचं औषध आहे ना? मग छातीवरच मारणार!" मी हसून हसून लोटपोट! हिला कोपरानं ढोसून म्हटलं, बघ, काय एकेक अडाणी माणसं असतात.

आणि शिडीवर एक वायरमन उभा होता, पंखा दुरुस्त करत. सिस्टर थट्टेनं म्हणाली, "दादा, तुम्ही सकाळपासून ऐकताय, तुम्हाला तरी जमेल का?" तो शिडीवरूनच म्हणाला, "आधी टोपण काढायचं, हलवायचं, श्वास सगळा सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, दाबता दाबता सावकाश आत ओढायचं, आणि दहा आकडे रोखून धरायचं." सगळेच्या सगळे चौकोन बरोबर! सगळ्या खोलीत एकटा पास, आणि त्याला आजारच नाही!

मग माझा नंबर. मी उठलो. सदरा सारखा केला. म्हटलं, सिस्टर, तुमचा वेळ वाचवतो, चाळीस वर्षं फुंकलंय मी. कॅप्सूल टाकली, पिळली, पाठ ताठ केली, गाल भरले, आणि अशी फुंकर घातली, अशी घातली की आयुष्यात घातली नव्हती... फूऽऽऽऽ!

सगळी पूड सिस्टरच्या चष्म्यावर.

वायरमनचा पाना पडला खाली. सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाली, "आजोबा. फुंकायचं नाही. ओढायचं." मी म्हटलं, "काय?" "ओढायचं. आत." आता बघा, माझ्या आईला शब्द दिलेला, जन्मात विडी ओढणार नाही, आणि म्हातारपणी ही बाई सगळ्यांसमोर म्हणते, ओढा! म्हटलं, "मग बाण...?" "बाण आतच असतो, आजोबा." हेडमास्तर हसले! ड्रायव्हर हसला! टोपणवाल्या मावशी, त्यासुद्धा हसल्या हो!

आणि तेवढ्यात ही, इतका वेळ गप्प बसलेली माझी बायको, एकदम म्हणते, "अहो... म्हणजे माझा खोकला गेला तो...!" सिस्टर म्हणाली, "काय? आजोबा औषध घेतात तेव्हा कुठे बसता तुम्ही?" ही म्हणाली, "शेजारीच." अहो, दोन वर्षं! दोन वर्षं औषध माझं, फुंकर माझी, आणि मोकळं हिला वाटतंय! सिस्टर सांगत होती, असं काही नसतं आजी, तसा खोकला जात नाही, पण ही ऐकेल तर शपथ! माझ्या तोंडावर आलं होतं, आंधळं दळतंय आणि... पण हिनं बघितलं माझ्याकडे, म्हटलं, जाऊ दे. त्या नव्या शर्टाचं मात्र फार वाईट वाटलं मला.

बरं, संपलं का? कुठलं! सिस्टरनं वीस वेळा करून घेतलं. यंत्रात रिकामी कॅप्सूल, श्वास सगळा सोडा, ओठ लावा, ओढा, जोरात, आत कॅप्सूल घरघरली पाहिजे, रोखा. एकविसाव्या वेळी घरघरली! टाळ्या! मी असा फुशारलो. मग तिनं दुसरी नळी दिली, मोठी, यंत्राला जोडलेली, छातीची ताकद मोजायची. म्हणाली, "चला आजोबा, पूर्ण जोर लावा." मी लावला. ओढली! डोळे बाहेर येईपर्यंत ओढली! सिस्टर ओरडली, "आजोबा, इथे फुंकायचं!" अहो, मग ठरवा ना काय ते एकदाच! चाळीस वर्षं फुंकलंय मी, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, आणि आत्ता ओढायला लागलो तर...!

पण तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोला, फरक पडला. दोन आठवड्यांत आंघोळ करताना मध्ये बसावं लागेना. महिन्यात मी रस्त्यावरून चालता चालता बोलायला लागलो, तर ही म्हणाली, "आधीच बरं होतं." रोज सकाळी ती समोर उभी, सिस्टरसारखी कंबरेवर हात, "सोडा... लावा... ओढा... रोखा!" आणि मी रोखून धरलेला, तोंड बंद, तेवढ्या दहा आकड्यांत ती मला वर्षभराचं सगळं ऐकवून घ्यायची. उलट उत्तर कसं देणार?

वाढदिवसाचा दिवस उजाडला. जावयांना निक्षून सांगितलं, कपाटवाल्यांना सुट्टी द्या. निघालो. एक मजला. थांबलो, दम खाल्ला. चौतीस पायऱ्या, खुर्ची आली. बाई दारात होत्या, म्हणाल्या, "बसा ना." म्हटलं, "आज नाही!" ...पस्तीस. अहो, ती पस्तिसावी पायरी मी जन्मात पाहिली नव्हती! तिच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, कुणाला माहिती होतं? तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकलो, ही म्हणाली बसा, म्हटलं गप्प. पंचावन्न. साठ. छाती वाजत होती, पण दार उघडं होतं हो आतलं, हवा जात होती, येत होती! सदुसष्ट... अडुसष्ट! लेकीचं दार. पितळी कडी. चांगली आहे कडी, जोड जरा जाड बसलाय. वाजवली.

लेकीनं दार उघडलं आणि "बाबा!" म्हणून अशी रडायला लागली, मीही लागलो. लाज कसली? तिच्या मागे खिडकी होती, खिडकीत झाडं होती. खरंच होती. मी म्हटलं, पोरी, तू खोटं नव्हती सांगत.

तेवढ्यात आतून नात धावत आली. नवा फ्रॉक, डोक्यावर कागदी टोपी. मी हात पसरले. ती दारातच थबकली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि एवढी घाबरली, म्हणाली, "आजोबा, तुम्ही हरवलात?"

म्हटलं, "नाही गं राणी, तुझ्या घरी आलो!"

ती म्हणाली, "पण तुमचं घर जिन्यात आहे ना! तिथे तुमची खुर्ची आहे ना!"

लेक समजावतेय, जावई समजावतायत, ऐकेल तर शपथ, आजीवरच गेलीय! कळायला लागल्यापासून तिनं मला तिथेच पाहिलेलं. माझं बोट घट्ट धरलं, बाहुली काखेत मारली, आणि म्हणाली, "रडू नका आजोबा, मी सोडते तुम्हाला घरी."

आता काय सांगणार? चला म्हटलं... उतरायला कुठे दम लागतो?