बारा इंच पात

नाही, तुम्हीच सांगा, मी मूर्ख आहे का? थांबा, लगेच हो म्हणू नका, आधी ऐका तर!

आमच्याकडे आषाढातल्या कांदेनवमीला शेवटचा कांदा खायचा, मग एकादशीपासून चार महिने घरात कांदा बंद. आईचा कायदा! इथं कांचघर मोहल्ल्यात राहा नाहीतर चंद्रावर, कायदा म्हणजे कायदा. म्हटलं चलो, यंदा नवमीला झुणका घरच्या पातीचा! जुन्या कूलरच्या टपात माती भरली, कोंब फुटलेले पंधरा कांदे खोचले. व्हिडिओत एक भैया सांगून राहिला होता, "पूरा एक फुट होने दीजिए, फिर काटिए." झालं! मी रोज स्केल घेऊन टपापाशी.

चार इंच झाली नाही तोच बाबा कात्री घेऊन हजर! "अरे, आमलेटात दोन काड्या..." "बाबा, अजून दोन दिवस!" सहा इंच झाली, तर शेजारच्या यशोधरा काकू भिंतीवरून, "काहून रे अक्षत, पोह्यावर टाकाले चार पाती दे ना!" पोह्यावर? माझी पात? "काकू, अजून दोन दिवस!" माकड आलं, त्याच्यासमोरही वायपर घेऊन उभा... "भैया, दो दिन और!"

आली नवमी. आई पदर खोचून म्हणते, "काप बरं पात, बेसन काढून ठेवलं." मी स्केल लावली. अकरा इंच! तुम्हाला सांगतो, तेव्हा कोणीतरी माझ्या तोंडाला कुलूप घालायला पाहिजे होतं... "आई, अजून दोन दिवस!" आई म्हणाली, "बघ हं." "बघितलं!" बाबा गालातल्या गालात हसून राहिले होते, मला वाटलं कौतुकानं! बाजारच्या कांद्याची भजी खाल्ली, वर मिटक्याही मारल्या!

दोन दिवसांनी पूर्ण बारा इंच! कात्री घेऊन ओरडलो, "आई, बेसन!"

आई शांतपणे म्हणाली, "आज एकादशी."

"अगं, मग परवा काहून नाही सांगितलं?"

"बघ हं, म्हटलं होतं ना!"

आता यशोधरा काकू रोज येतात. त्यांच्याकडे असलं काही बंद नसतं. मीच कापून देऊन राहिलो, नाहीतर पिवळी पडेल. त्यांच्या घरी जाऊन खावी म्हटलं, तर परत आलो की आई दारातच अडवते, "हा कर बघू, कांद्याचा वास येतो का!" अन् काल काकूंनी जुडी हातात घेतली, वरून खालून बघितली, एक काडी चावली...

"जून झाली की रे ही! दोन दिवस आधी काहून नाही कापली?"