अक्काबाईचं पातेलं

नाशिकच्या सरकारी कचेरीतल्या रांगेत अपूर्वा उभी होती. मागे पाड्यावरची अक्काबाई शेजारणीला तावातावाने सांगत होती.

"देशभरचा धूर कमी करायचा आराखडा करत्यात. परवा सर्वेवाली आली, कोन कशावर रांधतं ते लिवायला."

"मग तू चूल सांगितली?"

"पाव्हनी आली म्हनून ठेवनीतला गॅस पेटवून चहा केला, चूल झाकून टाकली. तिनं गॅसच लिवला!"

"म्हंजी दिल्लीच्या कागदात तुझ्या घरी धूरच नाय?"

"तर! म्हनून चुलीवरचं रोजचं पातेलंच आनलंय. हे बघ!"

पिशवीतून निघालेलं पातेलं अपूर्वाच्या पांढऱ्या ओढणीला घासलं.

"अगं बया! काजळी लागली का वो ताई?"

"लागू द्या, मावशी. तुम्ही आधी माझ्या पुढे या."