धनकोंची यादी

(छापखाना. दुपार. मशीन बंद.)

बायको : ...चार, कागदवाले शेठ, स्वल्पविराम. पाच, शाईवाले. सहा, बँक, मशीनचं कर्ज. पूर्णविराम. तुमच्या प्रतीत बरोबर आहे?

मालक : बरोबर. पुढे वाच.

बायको : ‘माझ्या सर्व धनकोंची नावे वर दिली आहेत. कर्जे फेडणे अशक्य झाल्याने मला दिवाळखोर जाहीर करावे, ही विनंती.’ अहो, एक ओळ सुटली.

मालक : कुठली?

बायको : बाइंडरकाकांची. मशीन घेताना त्यांची सगळी पुंजी आपण घेतली ना?

मालक : सुटली नाही. सोडली मी.

बायको : हळू बोला. पलीकडेच वह्या शिवताहेत ते.

मालक : यादीत नाव घातलं की त्यांचे पैसे बुडाले. वकीलबाईंनी सांगितलंय, कोर्टातून हाती पडली तर चिल्लर. बाहेर ठेवलं, तर कधीतरी गुपचूप फेडीन मी.

बायको : कशातून? मशीन जाणार, गाळा जाणार. आणि सही कशावर करताय? ‘सर्व धनकोंची’ यावर. खोटं निघालं तर अर्जच बाद. वसुलीवाले परत दारात.

मालक : मग अर्जच नको.

बायको : सहा महिने हेच चाललंय. रोज नवं कारण.

मालक : तू नको म्हणाली होतीस ते मशीन. चार रंगांची छपाई हवीच म्हणून मी हट्टाला पेटलो. तिकडे लोक पत्रिका फोनवर पाठवायला लागले. तुझं ऐकायला हवं होतं गं.

बायको : हे ऐकून आता बरंही वाटत नाही मला. मी तरी एकदाच नको म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

बाइंडर : वहिनी, धनको म्हणजे काय हो?

बायको : अगंबाई, काका... ज्याचं आपण देणं लागतो, तो.

बाइंडर : अरे वा! सगळा जन्म खळीत हात, आणि मी धनको! मग गाळता कशाला मला?

मालक : काका, नाव घातलं तर पैसे गेले तुमचे.

बाइंडर : ते गेलेतच, धाकटे मालक. माझ्याशी बोलताना तुम्ही खाली बघायला लागलात, तेव्हाच कळलं मला.

मालक : साठीला घरी बसणार होतात तुम्ही. सहासष्टाव्या वर्षी वह्या शिवताय, माझ्यामुळे.

बाइंडर : तुमच्यामुळेच. राग येतो मला. सकाळी बोटं वळत नाहीत, तेव्हा फार येतो. पण कागदवाल्याचे पैसे घेतले, हे तुम्ही लिहून देणार, आणि माझे घेतले, ते नाही? देताना मी कागद मागितला नाही. आता कोर्टाच्या कागदावर तरी येऊ दे, की मी दिले होते.

मालक : घाल नाव. करतो सही.

बायको : सात. काका, तुमचं पूर्ण नाव काय?

मालक : पगाराच्या वहीत बाबा नुसतं ‘बाइंडर’ लिहायचे. मीही तेच लिहीत आलो. एकतीस वर्षं.

बाइंडर : लिहा, वहिनी. सावकाश सांगतो.