न्योमनची सर्दी

(बाली. काशाची वाद्यं घडवणारे म्हातारे रिम्पिन भट्टीपाशी बसले आहेत. शेजारी लॅपटॉप घेऊन त्यांची नात कोमांग, शहरात प्रोग्रामिंग करणारी.)

रिम्पिन : उतरलीय. पट्टीचा सूर चांगलाच खाली गेलाय. लपवू नकोस माझ्यापासून.

कोमांग : मी काय लपवणार, आजोबा? पलीकडच्या बेटावरून न्योमनकाकांनीच पट्टी परत पाठवलीय, त्यांच्या देवळातल्या वाद्यासाठी तुम्ही घडवलेली, दुपारच्या बोटीनं.

रिम्पिन : आणि म्हणाला काय?

कोमांग : म्हणाले, जुन्या पट्टीशेजारी वाजवली की कुत्री भुंकतात.

रिम्पिन : हसू नकोस. साठ वर्षांत माझी पट्टी परत आली नव्हती. परवा त्यांच्या देवळाचा उत्सव. उद्या सकाळची बोट चुकली की संपलं. जा, केतुतला बोलाव. कानस त्याच्याच हातात देऊन टाकतो, कायमची.

कोमांग : केतुत? तुमच्या हाताखाली शिकतोय अजून, परवाच त्याला बहिरा म्हणालात!

रिम्पिन : आता तोच बरा. माझे कान गेले, पोरी.

कोमांग : असे कसे जातील एकदम?

रिम्पिन : गुडघा धड असता तर त्यांच्या बेटावर जाऊन जुळवली असती. न्योमननं तिकडं जुनी पट्टी वाजवली, मी इथं तुझ्या त्या वेबपानावरून ऐकून जुळवली.

कोमांग : पान ठीक आहे. म्हणजे... असायला हवं. आधी फोन पट्टीचा घुमारा पुसून टाकत होता. त्याला माणसाचं बोलणं तेवढं कामाचं वाटतं, बाकी सगळा गोंगाट. ती साफसफाई मी बंद केली. आता ब्राउझरमधून माइकचा कच्चा आवाज येतो, पडेल तसा.

रिम्पिन : घुमारा आला होता खरा. अगदी शेवटपर्यंत.

कोमांग : माझ्या फोनवर दहादा तपासलंय.

रिम्पिन : मग झालं तर. यंत्र बरोबर, म्हातारा चूक.

कोमांग : त्या दिवशीचं रेकॉर्डिंग परत लावते. ऐका बरं.

रिम्पिन : काय ऐकू? तीच पट्टी. आणि मागून न्योमन विचारतोय, 'झालं का?' सर्दी झालीय बिचाऱ्याला.

कोमांग : सर्दी?

रिम्पिन : आवाज बघ ना, रेड्यासारखा. एरवी कोंबड्यासारखा आरवतो.

कोमांग : हे तुम्हाला तेव्हाच जाणवलं होतं?

रिम्पिन : पहिल्याच दिवशी. म्हटलं, सर्दी असेल, नाहीतर आपलेच कान. यंत्र कशाला खोटं बोलेल?

कोमांग : बोलला का नाहीत! थांबा, फोन लावते... न्योमनकाका! त्या दिवशी सर्दी होती तुम्हाला?

न्योमन (फोनवर) : कसली सर्दी? वर्षभरात शिंकलो नाही मी. पट्टीचं बोल! इथं सगळे तालीम सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसलेत.

कोमांग : सांगते, सांगते. ठेवते आता.

रिम्पिन : काय गं? काय झालं?

कोमांग : माझ्याच हातून झालं, आजोबा. फोन आवाजाचे तुकडे करून पाठवतो. माझा सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर करतो, त्यांचा अठ्ठेचाळीस हजार. मी त्यांच्या फोनला विचारलंच नाही, माझ्यासारखाच असेल असं धरून चालले. म्हणून त्यांचा आवाज इथं संथ वाजला, आणि संथ वाजला म्हणून खाली आला.

रिम्पिन : पट्टीपण?

कोमांग : पट्टीपण, काकापण. तुम्ही जे ऐकलंत ते अचूक जुळवलंत.

रिम्पिन : हं.

कोमांग : रागवा की.

रिम्पिन : कुणावर? दर गावाचा सूर वेगळा. आधी विचारायचं, ऐकायचं, मग हात लावायचा, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. तू फोनला विचारलं नाहीस. मी तरी न्योमनला कुठे विचारलं, बाबा रे, सर्दी झाली का म्हणून?

कोमांग : पण पट्टी वाया गेली ना? घासलेलं कासं परत थोडंच येतंय.

रिम्पिन : उतरवायला मधे घासतात, चढवायला टोकांशी. टोकं अजून शाबूत आहेत. पण अंग फार पातळ झालंय. एकदाच जमेल.

कोमांग : प्रोग्रामची एकच ओळ बदलायचीय... झालं. केतुतला बोलावू?

रिम्पिन : आधी ते रेकॉर्डिंग लाव तर. ...परत लाव.

कोमांग : काय ऐकू येतंय?

रिम्पिन : कोंबडा. कानस दे इकडे.